घर पाहायले आलो

कमलाबाई नागपूरला लेकीकडे, सुरभीकडे जाऊन बसल्या, याला कारण छत. निदान त्यांचे यजमान बाबाराव तरी सगळ्यांना असंच सांगत होते.

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतलं त्यांचं घर तसं पक्कं, स्लॅबचं. पण पावसाळा लागला की स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोलीत पाणी टपकायचं. आधी एका ओळखीच्या माणसाने गच्चीवर पांढरा रंग फासला आणि जन्माची काळजी मिटली म्हणून सांगितलं. सुरभीकडे गेलेल्या कमलाबाईंना बाबारावांनी फोनवर तेच ऐकवलं, "ठणठणीत कोरडं हाये, तू ये फक्त." त्या आल्या आणि पहिल्याच पावसात त्यांची गादी भिजली. पुढच्या साली दुसऱ्या एकाने गच्चीवर काळं काहीतरी ओतलं. पुन्हा फोन, पुन्हा ठणठणीत. त्या खेपेला कमलाबाईंच्या लग्नातल्या शालूवर पाणी पडलं. दोन्ही कारागिरांनी नंतर फोन उचलणंच सोडून दिलं.

खरं म्हणजे दोन्ही वेळा छताची ओल बाबारावांना दिसत होती. पण जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला रिकामं घर सोसवत नाही. खिचडी खाऊन जीव विटतो आणि भांडायलाही कोणी नसतं. म्हणून थोडं इकडचं तिकडे सांगितलं, एवढंच.

या वर्षी मात्र बॅग भरताना कमलाबाई म्हणाल्या, "छत बुजल्याबिगर मले बोलावू नका. अन् बुजलं का नाई ते तुमी नका सांगू. दुसऱ्या कोनाले सांगायले लावजा."

हा शेवटचा टोला बाबारावांना फार लागला. बायको परत यायची तर आता कारागीर असा हवा, की ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवता येईल.

शेजारच्यांनी धीरजचं नाव सुचवलं. तो गच्चीवर चढला तेव्हा त्याच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, त्यामुळे बाबारावांच्या अर्ध्या प्रश्नांना त्याने नुसत्या भुवयांनी उत्तरं दिली. गॅरंटीचा विषय निघाल्यावर तो बाजूला जाऊन थुंकून आला.

"मले काऊन इचारता? आपल्या दह्याले कोनी आंबट म्हनते का? आंजीले तानबाजीचं घर हाये, त्याचं छत मीनंच केलं. जाऊन पाहून या, मंग बोला."

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. बाबारावांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, केसांना तेल लावलं आणि आंजीची गाडी धरली. परक्याच्या घरी जायचं तर नीटनेटकं जावं, हा त्यांचा जुना नियम.

तानबाजी ओसरीत पेपर वाचत बसले होते.

"तानबाजी आपनच का?" फाटकातून बाबारावांनी विचारलं. "मी बोरगाव मेघेहून आलो. घर पाहायले."

आता आपल्याकडे इस्त्रीच्या शर्टातला पाहुणा घर पाहायला आलो म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ एकच होतो. पोरीचा बाप आला. तानबाजींच्या कैलासची तिशी उलटली होती, शेती करणाऱ्या पोराला मुलगी द्यायला लोक सतरा वेळा विचार करत होते, आणि वर्ध्याकडून कोणीतरी येईल असं मध्यस्थाने सांगून ठेवलं होतं. तानबाजी पेपर टाकून उठले.

"या ना जी, या. अवं, पाहुने आले. पोहे टाक."

खुर्ची पुसली गेली, पाणी आलं. आतून कैलास भांग पाडून आला आणि वाकून थेट पायाच पडला. एका छताच्या चौकशीला इतका मान मिळतो हे बाबारावांना नवीन होतं. धीरजने फोन करून यांना पढवून ठेवलं असणार, असा त्यांना दाट संशय आला.

"बसाचं मंग पाहू," ते म्हणाले. "पह्यले खोल्या दाखवा."

तानबाजींना असा रोखठोक सोयरा आवडला. त्यांनी एकेक खोली दाखवायला सुरुवात केली. बाबाराव मान वर करून छत न्याहाळत चालले होते. कैलासकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. तो बिचारा दर दारात त्यांच्या नजरेसमोर येईल असा उभा राहत होता आणि दर वेळी त्यांच्या हनुवटीखालीच राहत होता.

स्वयंपाकघरात बाबाराव थांबले. "इथं पानी येते का?"

"येते ना जी," तानबाजी छाती पुढे काढून म्हणाले. "दोनी टाइम येते."

"दोनी टाइम?"

"सकाळी येते, संध्याकाळी येते. अन् न्हानीत तं दिवसभर सुरू राह्यते."

"मंग तुमी काही इलाज नाई केला?"

"इलाज काऊन करू? चांगलंच हाये ना. भर उन्हाळ्यातबी कमी होत नाई."

"उन्हाळ्यात?" बाबारावांनी भिंतीला हात टेकला. धीरजचं नाव त्यांनी मनातल्या मनात केव्हाच खोडलं होतं. "आमच्या घरी तं फक्त पावसाळ्यात येते."

तानबाजींना त्यांची मनापासून कीव आली. "अरेरे. मंग बाकीचं वर्ष कसं काढता?"

"बाकीचं वर्ष कोरडं राह्यते. बरं वाटते." मग बाबारावांना राहवलं नाही. "मी छताचं म्हनून राह्यलो, तानबाजी. छतातून येते का पानी?"

"छतातून होय? छतातून थेंब नाई. छत झालं तवापासून कारागिराले परत यायची पाळी आली नाई."

देवकाबाई पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभ्या होत्या. नवऱ्याचं वाक्य पुरं होताच त्यांनी बशा ओट्यावर ठेवल्या.

"काऊन खोटं बोलता? सोयरिकीत लपवालपवी करू नाई. उद्या पोरगी घरात आली अन् तिच्या अंगावर टपकलं, तं ते मलेच बोलन." त्या बाबारावांकडे वळल्या. "भाऊ, खरं सांगते. छत झालं अन् त्याच पावसाळ्यात या कोपऱ्यात गळलं. तो धीरज, तोंडात सदा खर्रा, आमी बोलावलंबी नवतं, आपल्या मनानं भिजत आला. म्हने, पावसात कसं राह्यलं ते पाहायले आलो. गळून राह्यलं होतं ते दाखवलं. भांडला नाई का बहाने नाई सांगतले. पाऊस उघडल्यावर उकरून पुन्हा केलं. आता नाई गळत. पन गळलं होतं."

बाबारावांना एकदम बरं वाटलं. त्यांचे आधीचे दोन्ही कारागीर काम उत्तम झाल्याचं सांगून गेले होते आणि परत आले नव्हते. हा न बोलावता आला होता. त्यांना एवढंच हवं होतं. त्या आनंदात देवकाबाईंचा एक शब्द त्यांच्या जरा उशिरा ध्यानात आला.

"पोरगी? कोनाची पोरगी?"

"तुमची."

"माही पोरगी तं नागपूरले हाये. दोन लेकरं हायेत तिले. मी छत पाहायले आलो जी."

मग देवकाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्यांना असं हसू फुटलं की ओट्याला धरून उभं राहावं लागलं. तानबाजींचा चेहरा पडला होता, पण तेही फार वेळ तग धरू शकले नाहीत. कैलासने गळ्याशी लावलेली गुंडी सोडली आणि सगळ्यांत आधी पोह्यांची बशी उचलली. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. बाबारावांनी दोन्ही एकाच चकरेत गुंतवून ठेवलं होतं.

निघताना ते म्हणाले, "मी कंडक्टर होतो, गावोगावी वळख हाये. कैलाससाठी कोनी इचारलं तं सांगीन, त्या घरातली बाई खरं बोलते."

धीरजने काम केलं. मग पाऊस लागला, आणि चांगला झड लागल्यासारखा लागला. बाबाराव खोल्या-खोल्यांतून मान वर करून फिरत राहिले. स्वयंपाकघर कोरडं. झोपायची खोली कोरडी. शालूचं कपाट कोरडं. फक्त जिन्याच्या कोपऱ्यात, थांबून थांबून, एक थेंब पडत होता. धीरज छत्री घेऊन न बोलावता येऊन गेला. उघडीप मिळाली की येतो म्हणाला.

बाबारावांनी फोन हातात घेतला. शेजाऱ्याला सांगायला लावावं असं एकदा मनात आलं. ठणठणीत हा शब्दही जिभेवर येऊन बसला होता. एक थेंब तो काय, आणि कमला जिन्यात कशाला जाऊन बसते? पण आंजीच्या बाईला पदरचा पोरगा उजवायचा होता, आणि तरी तिने कोपरा दाखवला होता. इथे तर पोळ्या लाटून मिळाव्यात एवढाच प्रश्न होता. नाही, एवढाच नव्हता. हे घर कमलाबाईंशिवाय त्यांना खायला उठत होतं.

"कमला," ते म्हणाले, "बाकी सारं कोरडं हाये. पन जिन्यापाशी टपकून राह्यलं. बालटी मांडली. धीरज पुन्हा येतो म्हनते. तो येईन असं मले वाटते. तुले थांबायचं असन तं थांब."

मग कमलाबाई तिकडे कोणाला तरी म्हणाल्या, "सुरभी, माही बॅग काढ वं. सकाळच्या गाडीनं जाते."

"छत झालं का पूर्ण?" मागून सुरभीचा आवाज आला.

"छताचं थोडं बाकी हाये," कमलाबाई म्हणाल्या, "पन तुह्ये बाबा दुरुस्त झाले."