पाचशे बारा घरं

थायलंडच्या सोंखला बंदरावरच्या मत्स्य कार्यालयातली यंत्रं जुनी. चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत. काळा पडदा आणि त्यावर अक्षरं. या पडद्याच्या पोटात घरं पाचशे बारा, आणि एका घरात एकच चिन्ह. थाई अक्षर, वरची मात्रा, तिच्याही वर सुराची खूण, अशा साऱ्या जोड्या तेवढ्यात कोंबायला कार्यालयातल्या बुसबाला अकरा महिने लागले. एकेक अक्षर तिने ठिपके मांडून काढलं. यंत्र सुरू झालं की पहिली ओळ उमटायची: ‘अक्षरं: बुसबा’.

संचालक वुत्तिनत यांना ती ओळ फार आवडली. त्यांनी तिथे स्वतःचं नाव घातलं.

हे नाव त्यांना भिक्खूंनी बढतीसाठी निवडून दिलेलं. पोथीबाहेर क्वचित भेटणारी वजनदार अक्षरं त्यात ठासून भरलेली. बढती मिळालीही.

“बुसबा, राज्यपाल येतायत या अक्षरांच्या उद्घाटनाला. पडद्यावर आपल्या खात्याचा मासा पाहिजे. मोठा!”

“घरं भरलीत, साहेब. माशाला चाळीस लागतील.”

“मग कर की रिकामी! कोण वापरतं एवढी अक्षरं?”

“कुठली काढू?”

“डोकं आहे ना? सगळ्यात कमी लागतात ती!”

“तेवढं लेखी द्या, साहेब.”

साहेबांनी झोकदार सही ठोकली. बुसबाने दहा वर्षांच्या होड्यांच्या नोंदी यंत्राकडून मोजून घेतल्या. कोळी होड्यांना साधीसुधी नावं देतात. तळाची चाळीस चिन्हं तिने निमूट काढली. इतकं नियमाला धरून काम तिने जन्मात केलं नव्हतं.

उद्घाटनाला मासा झळकला. खाली ‘अक्षरं:’, मग एकटा ‘व’, आणि पुढे रिकाम्या चौकोनांची रांग.

राज्यपाल वाकून बघू लागले. “मासा झकास! पण ही खाली खोकी कसली? कोळंबीची?”

हशा पिकला. हाच पडदा खात्याच्या अकराही बंदरांवर लावा, असा हुकूम त्यांनी जागच्या जागी सोडला.

पाहुणे गेल्यावर साहेब तिच्या टेबलाशी आले.

“माझी अक्षरं परत घाल.”

“घालते की. माशाचं डोकं काढू, की शेपूट?”

साहेबांनी घाम पुसला. “मग असं कर, माझं नाव काढ. तुझं घाल. काम तुझंच आहे ना ते?”

हे वाक्य ऐकायला बुसबा किती दिवस झुरली होती. तिने हात जोडले, मान लववली.

“छे छे, साहेब. तुमचंच राहू दे. शोभतंय.”