हिंदुरावाने नापास केलेलं मशीन

"ह्याला लेथ म्हनत्यात व्हय?" हिंदुराव म्हणाला आणि त्याने चपलेच्या टोकाने मशीनला हलकेच ठोसलं. "मग आमच्या आळीतल्या रसवंतीला साखर कारखाना म्हनाया काय हरकत न्हाय."

मशीनच्या पलीकडे उभ्या असलेल्या तौसिफला हसू आलं. ते त्याने दाबलं, कारण पत्र्याच्या शेडच्या दारात मशीनची मालकीण, द्वारकाबाई, हाताची घडी घालून उभ्या होत्या. शेडला लागूनच घराची खोली होती. तिच्या खिडकीखाली खाटेवर मशीनचा मालक जोतीराम पडून होता. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याला उठता येत नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं, आणि हिंदुरावाला ते माहीत होतं.

"रंग बगा," हिंदुराव पुढे म्हणाला. "ह्यो रंग न्हवं, तमाशातल्या बाईची पावडर हाय. धुतली की वय कळतंय. आन ह्यो चक! लोखंड धरायचं ह्येचं जबडं म्हंजी म्हाताऱ्याचं दात, एक हितं तर एक तितं."

वापरलेलं मशीन बघायला जाताना सोबत एक जाणता माणूस न्यायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. बैल घेताना असायची, तशीच. जाणत्याने मालकाच्या देखत मालाला नावं ठेवायची, मोठ्याने आणि सविस्तर. त्याने किंमत खाली येते. मालकालाही हे ठाऊक असतं, म्हणून तो मनावर घेत नाही. मग जाणता तंबाखू मळायच्या निमित्ताने बाहेर येतो, घेणारा त्याच्यामागे येतो, आणि तिथे त्याने खरं काय ते सांगायचं असतं. आत खोटं बोललं तरी चालतं. बाहेर चालत नाही. सगळा व्यवहार त्या बाहेरच्या एका शब्दावर उभा असतो.

इंदापूरपासून बारामतीपर्यंत या कामाला हिंदुरावाइतका वाकबगार माणूस नव्हता. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये त्याने टर्नर म्हणून सगळी नोकरी काढली होती. लोखंडाची त्याला जाण होती, यात शंका नाही. पण ती जाण त्याने जन्मात कधी कौतुकासाठी वापरली नाही. सुनेची आमटी, देवळाचा नवा कळस, पुढाऱ्याचं भाषण, शेजाऱ्याचा जावई, सगळं त्याच्या एकाच तराजूत हलकं भरायचं. नातू वर्गात पहिला आला, तेव्हा त्याने विचारलं होतं, "वर्गात पोरं किती हायती?" लोक याला पारख म्हणत. अशा माणसाला लोक घाबरतात आणि घाबरण्यालाच मान समजतात.

तौसिफ सणसरचा. बारामतीच्या एमआयडीसीत तो दुसऱ्याच्या लेथवर काम करायचा. लेथ म्हणजे लोखंड सोलायचं यंत्र. घरात बटाटा सोलताना आपण बटाटा धरतो आणि सुरी फिरवतो. लेथवर उलट असतं. सुरी जागच्या जागी असते आणि लोखंड तिच्यापुढे गरगर फिरतं. त्यामुळे हवं तेवढं, हवं तसं गोल सोलून निघतं. सणसरच्या आसपास विहिरीवरच्या मोटारीचा शाफ्ट झिजला की शेतकऱ्याला तो पिशवीत घालून बारामती गाठावी लागते. तौसिफला घरामागे स्वतःचं मशीन बसवायचं होतं. ओटा बांधून तयार होता. थ्री फेजचं कनेक्शन आलं होतं. त्याच्या बायकोने, इफ्फतने, त्या जागेवरची कोंबड्यांची खुराडी माहेरी पाठवून दिली होती. फक्त मशीन यायचं बाकी होतं, आणि नवीन घेण्याची ऐपत नव्हती.

"हिंदुराव," खिडकीतून जोतीरामचा जड झालेला आवाज आला. एकेक शब्द ढकलत तो म्हणाला, "चालू... करून बघ की."

"बघायचं काय त्यात? आवाजावरनं कळंल की भूकंप व्हतोय."

"पन चालू केल्याबिगार आवाज कसा यील, आबा?" तौसिफ म्हणाला. "काकी, करू का?"

"करा की, बाबा. तुमी बघायला तर आलाय," द्वारकाबाई म्हणाल्या.

तौसिफने हिरवं बटण दाबलं. मशीन फिरू लागलं. शेजारच्या गल्लीत गिरणी चालू असावी, एवढाच आवाज आला. तौसिफने खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं आणि मशीनच्या माथ्यावर कडेवर उभं केलं. मशीन थरथरत असेल तर असं नाणं लगेच आडवं होतं. हे उभं राहिलं. तौसिफ वाकून बघत राहिला, जत्रेतल्या खेळाकडे लहान मुलाने बघावं तसा.

"रुपया काय, हल्ली कुठंबी हुबा ऱ्हातोय," हिंदुराव म्हणाला. "बंद कर. लाईट बिल त्यास्नी भराया लागंल."

मग तो तंबाखूची पुडी काढत बाहेर पडला. रस्त्याकडेला मोटारसायकल लावली होती, तिथे जाऊन उभा राहिला. तौसिफ जवळजवळ पळतच आला.

"आबा, मला तर लई आवडलं. पन माझा डोळा अजून कोवळा. आता खरं सांगा."

हिंदुरावाने चुना लावला. तंबाखू मळत तो शेडकडे बघत राहिला.

त्याला फक्त एक शब्द बोलायचा होता. 'घे.' मशीन उत्तम आहे हे त्याला आत पाऊल टाकतानाच कळलं होतं. खरं तर त्याच्याही फार आधी. हे मशीन पूर्वी कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये होतं आणि हिंदुराव आणि जोतीराम दोघांनी पाळीपाळीने त्यावर काम केलं होतं. लिलावात निघालं तेव्हा दोघांनी निम्मे निम्मे घालून ते घ्यायचं ठरवलं. नोकरी सोडायची आणि स्वतःचं वर्कशॉप टाकायचं. लिलावाच्या सकाळी हिंदुरावाचं धाडस आटलं. महिन्याचा पगार सुटेल या भीतीने त्याची झोप उडाली होती. पण भीती वाटते असं सांगायला माणूस थोडा मोठा असावा लागतो. तो जोतीरामला म्हणाला, "बीड पोकळ हाय त्याचं. म्या न्हाय भंगारात हात घालनार."

बीड म्हणजे ओतीव लोखंड. ओतताना आत हवा राहिली तर वरून वस्तू धडधाकट दिसते, पण आत बुडबुडे असतात, आणि एके दिवशी ती तडकते. वरून हे कुणाला दिसत नाही. म्हणून हा दोष हिंदुरावाला सोयीचा होता. जोतीरामने एकट्याने कर्ज काढून मशीन घेतलं, बावड्याला घराशेजारी शेड उभारली आणि त्याच मशीनवर घर चालवलं, पोरीला शिकवलं, तिचं लग्न केलं. इतक्या वर्षांत दोघांची गाठ लग्नकार्यात पडायची. तेव्हा हिंदुराव न चुकता विचारायचा, "तडकलं का?" जोतीराम हसून म्हणायचा, "अजून न्हाय."

आता 'घे' म्हटलं असतं तर ते वाक्य खोटं ठरलं असतं. जोतीराम सोडला तर जगात ते वाक्य दुसऱ्या कुणाच्या लक्षातही नव्हतं. पण हिंदुरावाचं सगळं आयुष्य त्याच्यावरच टेकलेलं होतं.

"बीड पोकळ हाय," तो म्हणाला.

तौसिफचा चेहरा उतरला. "पन जोतीरामतात्यांनी तर एवढी वर्सं चालीवलं..."

"बुशा, बारक्या कड्या काढल्यात त्यानं. फुलासारखी कामं. तू मोटारीचं शाफ्ट लावनार. जड कामाला एक दिवस फाटकन तडकंल, आन तवा मला शिव्या दिऊ नगं."

"नक्की का, आबा?"

"म्या कवा चुकलोय का?" हिंदुराव म्हणाला आणि तंबाखू तोंडात टाकली.

तौसिफ पुन्हा आत गेला. द्वारकाबाईंनी चहा ठेवला होता, तो त्याने उभ्यानेच घेतला. "काकी, घरी इचारून कळिवतो," तो म्हणाला. हे वाक्य लग्नाच्या मुलीला नकार देताना वापरतात तेच असतं. द्वारकाबाई फक्त "बरं" म्हणाल्या.

"काय म्हनला... हिंदुराव?" खिडकीतून आवाज आला.

हिंदुराव तोवर मोटारसायकलवर बसला होता. त्याने ऐकलं, आणि तौसिफला म्हणाला, "चल, ऊन झालंय."

तालुक्यात बातमी पसरायला मोबाईल लागतो असं नाही. हिंदुरावाने नापास केलेलं मशीन म्हणून ते सगळ्यांना माहीत झालं. निमगावचा एकजण बघायला येणार होता. त्याने फोनवर आधी विचारलं, "आदी कोन बगून गेलं?" आणि नाव ऐकल्यावर त्याला अचानक दुसरं काम निघालं. भिगवणचा एकजण आला, पण मशीन चालू न करता त्याच्या बेडवर, म्हणजे खालच्या ओतीव पाटावर, बोटांनी टकटक करत राहिला, डॉक्टर पाठ तपासतात तसा, आणि मान हलवत निघून गेला. त्याला काय ऐकू आलं, ते त्यालाच माहीत. एवढा मोठा तालुका, हजार मोटारी, शंभर वर्कशॉपं. पण बटण दाबून स्वतःच्या कानांनी ऐकावं, एवढी हिंमत एकातही नव्हती. तौसिफने ऐकलं होतं, पण त्याने आपल्या कानांपेक्षा दुसऱ्याच्या जिभेवर विश्वास ठेवला. तो एमआयडीसीतच राहिला. पावसाळा संपता संपता इफ्फतने खुराडी परत आणली आणि बांधलेल्या ओट्यावर मांडली.

दिवाळीनंतर हिंदुराव बावड्याला एका साखरपुड्याला आला होता. जेवणाला नावं ठेवून झाली होती. परत जायला एसटीच्या थांब्याकडे निघाला, तेव्हा त्याला घणाचा आवाज ऐकू आला. ओतीव लोखंडावर घण पडला की घंटेसारखा नाद येत नाही, धप्प असा येतो. टर्नरला तो लांबून ओळखता येतो. तो आवाजाच्या दिशेने चालत गेला.

जोतीरामच्या शेडचे दोन पत्रे काढले होते. दारात टेम्पो उभा होता. इंदापूरचा भंगारवाला परवेज कमरेवर हात ठेवून उभा होता आणि त्याची दोन माणसं आळीपाळीने घण घालत होती. बीड गॅसने नीट कापलं जात नाही, म्हणून ते फोडतात. चक आणि गिअर काढून बाजूला ठेवले होते. बेड मात्र तुटत नव्हता.

"आजीबाईंनी इकलं," परवेज कुणीतरी विचारल्यासारखं म्हणाला. "कवापासनं गिऱ्हाईक न्हाय. आन म्हाताऱ्याच्या औषधाला पैसं लागत्यात. पन लई चिवट माल हाय, आबा. सकाळधरनं दोन दांडं मोडलं."

आणखी काही घाव पडले आणि बेडचा एक कोपरा तुटून हिंदुरावाच्या पायाजवळ आला. तो वाकला. तुकडा त्याने उचलला आणि तुटलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. करडा, बारीक, एकसारखा दाणा. पिठीसाखर दाबून बसवावी तसा. टाचणीचं टोक जाईल एवढंही भोक त्यात नव्हतं.

"तुमी जानकार दिसता," परवेज म्हणाला. "कसं हाय बीड?"

हिंदुरावाने तोंड उघडलं. सवयीने तिथे एक शब्द तयार असायचा. तो आला नाही.

"भरीव हाय," तो म्हणाला.

"आं?"

"भरीव हाय म्हनतो! एक बुडबुडा न्हाय ह्यात!" त्याचा आवाज चढला. तो परवेजकडे बघत नव्हता. तो खोलीच्या खिडकीकडे बघत होता. खिडकी बंद होती.

परवेज घाईने जवळ आला. "आबा, हळू की. मालकीन हितंच हाय. तुमी असं चांगलं म्हनाया लागला, तर भाव वाढवून मागंल ती."

पण हिंदुराव खिडकीपाशी गेला आणि त्याने तावदानावर हात मारला. "जोतीराम! ऐकतोस न्हवं? बीड भरीव निघालं बग. म्या चुकीचं बोललो व्हतो..."

घण घालणारी माणसं थांबली. शेडच्या मागून द्वारकाबाई आल्या.

"भावजी, कुनाला सांगताय?" त्या म्हणाल्या. "आत कोन न्हाय. लेकीकडं, स्वरूपाकडं न्हेऊन ठिवलंय त्यास्नी, भवानीनगरला. हे ऐकवलं नसतं त्यास्नी."

हिंदुरावाने तावदानावरचा हात काढला. मग म्हणाला, "तितं जातो. आत्ताच्या आत्ता जाऊन सांगतो, वैनी. मशीन चांगलं व्हतं म्हनून."

"नगा जाऊ."

"का?"

"त्यास्नी म्या सांगितलंय, सणसरच्या त्या पोरानं न्हेलं म्हनून. रोज शाफ्ट काढतंय, झकास चालतंय म्हनून." त्यांच्या आवाजात राग नव्हता. चहा झालाय, असं सांगावं तसं त्या सांगत होत्या. "झोप लागती तवापासनं त्यास्नी. तुमी गेला की तुमच्या त्वांडाकडं बघून त्यास्नी कळंल."

परवेजने आपल्या माणसांना खूण केली आणि घण पुन्हा पडू लागला.

द्वारकाबाईंनी हात पुढे केला. हिंदुरावाला आधी कळलं नाही. मग त्याच्या लक्षात आलं की बेडचा तुकडा अजून त्याच्याच हातात आहे. त्यांनी तो काढून घेतला, दोन पावलं चालून गेल्या आणि परवेजच्या वजनकाट्यावरच्या ढिगात ठेवला.

"ह्येबी धरा," त्या म्हणाल्या.