कोडगी आठवण

बोलायला लागली तेव्हापासून तिचं एकच टुमणं होतं: माझं दुसरं घर आहे आणि तिथे माझी बायको आहे. आधी सगळे पोट धरधरून हसले. मग एकदा चारचौघांत तिने बायकोला बोलवा म्हणून भोकाड पसरलं आणि आईने तिच्या थोबाडीत ठेवून दिली. "सगळीच पोरं या वयात काहीबाही बरळतात," आई शेजारणीला म्हणाली. "दोन बसल्या की विसरतात. आमचीच तेवढी कोडगी."

ती विसरली नाही. बोलायची तेवढी बंद झाली.

पुढे ती कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात लागली आणि गल्लीत तिचं नाव दातवाली पडलं. दिवसभर मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवायचा, वरचा जबडा खालच्यावर नीट बसतो का बघायचं, आणि मालकाने येऊन तोच जबडा तिच्या नाकासमोर खाडखाड वाजवत विचारायचं, "हा माणसाचा आहे का घोड्याचा?" घरी आली की आईच्या तोंडाचा पट्टा सुरू. अशा वेळी ती डोळे मिटून त्या दुसऱ्या घरी जायची. तिथे ती उंच, रुंद खांद्यांचा सुतार असायची. संध्याकाळी जिना चढताना शीळ घालायची, वर वर चढत जाणारी आणि टोकाला जाऊन तुटणारी, आणि शीळ ऐकताच घर खडबडून जागं व्हायचं. मुलगी धावत येऊन भिंतीशी उभी राहायची, बायको पायातले बूट काढायची, ताट वाढलेलं असायचं. कुणी उलटून बोलत नसे. दाराला तिने स्वतःच्या हाताने कडी बसवली होती. एका बोटाने ढकलली तरी सरकायची, आवाज म्हणून नाही. त्या कडीचा तिला आजही अभिमान वाटे. सगळ्यात शेवटचं आठवायचं ते आजारपण: अंगात फणफणून ताप, घशाला कोरड, आणि उशाशी हातात पाण्याचा पेला घेऊन बसलेली बायको. किती ती माया! दातवालीचे डोळे भरून यायचे. या जन्मात तिच्या उशाशी कुणी बसलं नव्हतं.

आई गेली आणि अडवणारं कुणी उरलं नाही. एका रविवारी तिने कारखान्यातून भेट मिळालेला बिस्किटांचा डबा घेतला आणि शहराच्या पलीकडच्या टोकाची बस पकडली. घर शोधावं लागलं नाही. पाय आपसूक वळत गेले आणि ती एका अरुंद जिन्यावर, सोललेल्या रंगाच्या दारासमोर येऊन उभी राहिली.

दार एका म्हातारीने उघडलं. काटकुळी, ताठ, कवळी सैल झालेली. बोलताना ती टकटक वाजायची.

"मीटर खाली आहे," म्हातारी म्हणाली.

"मीटरचं नाही. आत येऊ का?"

"नको."

बसमध्ये घोकलेलं सगळं दातवाली विसरली. "मी तुमचा नवरा होते," ती एका दमात बोलून गेली.

म्हातारीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "माझा नवरा मेला. त्याने केलेलं तेवढं एकच काम मला आवडलं. तुला पैसे मागायचे असतील तर दुसरं दार बघ." आणि ती दार लोटू लागली.

"आई, कोण आहे गं?" आतून एका बाईचा आवाज आला. दातवालीला कळलं. ही मुलगी! काय करावं तिला सुचेना. ओठ आपोआप जुळले आणि तिने शीळ घातली.

आत काहीतरी पडून खळकन फुटलं. केसांत पांढरं आलेली एक बाई धावत बाहेर आली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली, दोन्ही तळवे पुढे पसरून, शाळेत हात तपासतात तशी. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. मग तिला स्वतःचं भान आलं, तिने हात झटकन पाठीमागे घेतले.

म्हातारीने दातवालीचं मनगट धरलं, तिला आत ओढलं आणि दार लावलं.

"बस तिथे," ती म्हणाली. "काय काय आठवतंय तुला?" आणि पुढचं वाक्य बोलताना तिने तिला पुरुष करून टाकलं. "बोल ना. एरवी तर ऐकून घेत नव्हतास."

दातवालीने सांगितलं. कुत्र्याचं नाव सांगितलं, खिडकीखालची भेग सांगितली, बूट, ताट, सगळं सांगितलं. कडीचं सांगताना तर तिचा चेहरा उजळला.

"कडी छानच होती," म्हातारी म्हणाली. "पण कुठल्या बाजूला होती?"

दातवाली थांबली. बाहेरच्या बाजूला. हे तिला कायम माहीत होतं आणि यात विचारण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"कामावर जाताना लावून जायचास. एकदा मित्रांबरोबर गेलास तो दुसऱ्या दिवशी उगवलास. घरात ही पोर तापाने भाजत होती आणि मी खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांना हाका मारत होते." म्हातारी खुर्ची ओढून अगदी समोर बसली. "बरं, माझं नाव काय?"

दातवालीने डोळे मिटले. त्या घराचा कोपरान् कोपरा धुंडाळला. तिथे फक्त 'ए' होतं. ए, बूट काढ. ए, मीठ कुठाय.

"कुत्र्याचं बरं आठवलं," म्हातारी म्हणाली.

"मला एक विचारायचंय," भिंतीशी उभी असलेली मुलगी पहिल्यांदाच बोलली. "जरा या बाजूने बोल. त्या कानाने मला ऐकू येत नाही. कशाने, ते आठवतं का?"

"नाही."

मुलगी हसली, ते हसू ऐकवत नव्हतं. "त्यालाही आठवत नव्हतं. कानाखाली दिल्याच्या दुसऱ्या दिवशी मलाच विचारत होता, हाक मारलेली ऐकू येत नाही का गं तुला?"

"पण तुम्ही उशाशी बसला होता!" दातवाली कळवळून म्हातारीला म्हणाली. "शेवटी. पाण्याचा पेला घेऊन. ते तरी खरं ना?"

"खरं. तू पाणी पाणी करत होतास आणि मी पेला धरून बघत बसले होते. मग मला तहान लागली. मी प्याले."

दातवालीच्या अंगात काहीतरी उसळलं. तिचा स्वतःचा राग तिला ओळखीचा होता, तो चिडचिडा, रडवेला असायचा. हा तसला नव्हता. हा ऐसपैस होता, घरचा मालक असल्यासारखा. "ए!" ती ओरडली, उठली आणि तिचा हात वर गेला.

मुलीने डोकं दोन्ही हातांत लपवलं. म्हातारी हलली नाही.

"मार," ती म्हणाली. "पण आधी हात बघ. केवढासा आहे."

दातवालीने बघितलं. बारीक मनगट, गरम मेणाने भाजलेली बोटं. हा हात तिने मार चुकवायला वर केला होता, तोही कितीदा तरी. कुणावर उगारला नव्हता. तिने तो खाली घेतला.

"मला हे माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मला यातलं काहीच आठवत नाही."

"कसं आठवेल? तुला काढलेले बूट आठवतात." म्हातारीची कवळी टकटकली. "माणसं सगळं विसरून का जन्माला येतात, माहितीये? लाज असते म्हणून. काय काय करून बसलो ते आठवत राहिलं तर पुन्हा तोंड कुणाला दाखवणार? म्हणून पुसून येतात बिचारी. तुला लाज कधी नव्हतीच, म्हणून तू सगळं काखोटीला मारून आलास. वर माया शोधत आलास! नीघ आता. बिस्किटं ठेव."

त्यानंतर दातवालीला त्या घरी जाता येईना. डोळे मिटले की भिंतीशी पसरलेले ते तळवे दिसत. मालक जबडा वाजवत आला तरी तिला आत पळायला जागा उरली नव्हती; ती नुसतीच उभी राहून ऐकून घ्यायची.

काही दिवसांनी ती मुलगी कारखान्याच्या दारात हजर. डब्यावर कारखान्याचा पत्ता होता म्हणे.

"आईने रविवारी बोलावलंय."

"कशाला?"

"तिचं बोलून झालेलं नाही."

"मी नाही येणार."

"नाही आलीस तर ती मला ऐकवते. इतकी वर्षं मीच ऐकतेय. तुझं आहे, तू ऐक."

दातवाली गेली. आपण का जातोय हे तिला धड सांगता आलं नसतं. म्हातारी तयारच होती. त्या रविवारी तिने लग्नाच्या दिवसापासून सुरुवात केली आणि दुपार कलली तरी ती पहिल्या वर्षातच होती. पाणी विचारलं नाही, बसायला मोडकं स्टूल दिलं. पुढच्या रविवारी पुढचं वर्ष. सुरुवातीला दातवाली मध्ये बोलायची, तसं नव्हतं म्हणायची, मग म्हातारी आणखी पेटायची. हळूहळू ती गप्प बसायला शिकली. आणि एक विचित्र गोष्ट होऊ लागली. म्हातारी एखादा प्रसंग सांगे, आणि घरी जाताना दातवाली तिची स्वतःची त्याच दिवसाची आठवण शोधायला जाई, तर ती नसे. पाटी पुसावी तशी जागा कोरी. वाढलेलं ताट गेलं. कुत्रा गेला. एके दिवशी खांद्यांची ती रुंदीही गेली, आणि ती बसमध्ये रडली, कारण काही झालं तरी ते तिचंच होतं.

मग एका रविवारी म्हातारीने विचारलं, "आणि माझ्या बहिणीने दिलेला निळा कोट विकलास, त्याचं काय?"

"कुठला कोट?"

"ढोंग करू नकोस. दारात उभं राहून विकलास."

"कुठल्या दारात?"

म्हातारीने डोळे बारीक केले. करवतीचं विचारलं, पलंगाचं विचारलं, त्याच्या मित्राचं विचारलं.

"मला खरंच आठवत नाही, आजी," दातवाली म्हणाली.

ती तिला पहिल्यांदाच आजी म्हणाली होती. म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. एखादी वस्तू हातातून निसटून गटारात जाताना माणूस बघतो, तशी.

"अजून मी निम्म्यावरसुद्धा आले नाही," ती म्हणाली. "आता मी कुणाला बोलू?"

"मला बोला. मी ऐकते."

"तुला? तू कोण गं? तुझा काय संबंध?" म्हातारी उठली, स्टूल तिच्या खालून जवळजवळ ओढूनच घेतलं. "परक्या पोरीला मी माझ्या घरातलं सांगू? चालती हो!"

मुलीने दार उघडून दिलं आणि तिच्यामागे लावून घेतलं. दातवाली जिना उतरत होती तेव्हा वरून म्हातारीचा आवाज येत होता. असल्या कुणाही सोम्यागोम्याला घरात घेतलंसच कशाला, म्हणून ती आता लेकीला फैलावर घेत होती.