मास्तरांची पाठ

सुनेला पहिल्या परीक्षेत नापास केलं ते तिच्या सासऱ्यांच्या पाठीने. माणसाचं पोट नडतं, जीभ नडते, शेजारीण तर नडतेच नडते. पण पाठ नडल्याचं त्या गल्लीत कोणी ऐकलं नव्हतं.

सासरे शिंपी. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. दुकान खाली, घर वर. सुनेचा नवरा ट्रकवर, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. लग्न होऊन आली तशी सून दुकानात काजं-बटणं करायला बसली ती बसूनच राहिली. कामचुकार नव्हती, पण सुई हातात घेतली की तिचा जीव मेटाकुटीला यायचा. हात रुंद, बोटं जाड, तळवे कायम उबदार. असल्या हातात सुई देणं म्हणजे पैलवानाला मोती ओवायला बसवणं.

एकदा सासूची मान आखडली. सुनेने चोळून दिली. सासू उठली, मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली आणि म्हणाली, "अगं, असले हात असताना काजं कसली करतेस? जा, नीट शिक कुठेतरी." सासू एकदा बोलली की दगडावरची रेघ. दुसऱ्याच आठवड्यात सून मसाज शिकवणाऱ्या शाळेत जायला लागली.

तिला वाटलं होतं, चोळायचं ते चोळायचं, त्यात शिकायचं काय? पण वर्गात शिरल्या शिरल्या कोपऱ्यात हाडांचा सांगाडा उभा. मोठ्या बाई, म्हणजे तिथल्या मुख्य शिक्षिका, पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आधी हाड, मग स्नायू, मग हात. ज्याला हाड सापडत नाही त्याने माणसाला हात लावू नये." कुठला स्नायू कुठल्या हाडावरून निघतो, कुठे जाऊन धरतो, आखडला की काय ओढतो, हे पाठ करायचं. हात हृदयाच्या दिशेने फिरवायचा. आधी हलका, ऊब आणायची, मग मळायचं, मग खोल जायचं. मणक्यावर दाब नाही, गुडघ्याच्या लवणीत अंगठा नाही.

पाठांतर तिचं पक्कं. पण सरावाला अंग पाहिजे. ते घरातच होतं. दुपारी दुकानाचं दार लोटलं की मास्तर शर्ट काढून कापड बेतायच्या टेबलावर पालथे पडायचे. सून शिंप्याच्या खडूने त्यांच्या पाठीवर खुणा करायची: हा कणा, या बरगड्या, हे खांद्यामागचं तिकोनी चपटं हाड. वर्गात त्याला स्कॅप्युला म्हणायचे, घरात पातं. मास्तर घोरायचे, सून पुटपुटायची. असे महिने गेले. पुढेपुढे तर ती डोळे मिटून खुणा करायला लागली. हात आपोआप जागेवर जायचे. तिला वाटलं, जमलं.

परीक्षेला टेबलावर एक पोहणारा तरुण होता. पाठ अशी की फळीसारखी सरळ. सुनेने ऐटीत डोळे मिटले, घरच्यासारखा हात फिरवला आणि खडूने फटाफट खुणा केल्या. मग अंगठे थेट डाव्या पात्याच्या वर नेऊन दाबायला लागली.

"तिथे काही नाहीये हो माझं," तो तरुण म्हणाला.

मोठ्या बाई पुढे आल्या. बोटाने एकेक खूण तपासली. डाव्या पात्याची खूण खऱ्या हाडाच्या दोन बोटं वर होती. उजवीकडची खाली. त्यांनी चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं.

"ही पाठ कोणाची काढलीत?"

सून आपल्याच खुणांकडे बघायला लागली.

"या मुलाची नाही ही. तुम्ही एकाच माणसावर सराव केलाय आणि तो माणूस डावा खांदा वर, उजवा खाली, असा वाकडा आहे. तुम्हाला शरीर येत नाही, बाई. तुम्हाला एक माणूस येतो." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "हात चांगले आहेत, म्हणून सांगते. एका उपचार केंद्राला कामासाठी तुमच्या वर्गातली एकजण हवी आहे. परत एकदाच बसता येईल. तेव्हाही नापास झालात तर नाव कमी करावं लागेल."

म्हणजे परत काजं आणि बटणं, जन्मभर.

घरी येऊन सुनेने सगळं सांगितलं. न सांगून चालणारं नव्हतंच. सासूसमोर तोंड लपवणं आणि मांजराने डोळे मिटून दूध पिणं सारखंच. सासूने 'नापास' ऐकलं आणि गप्प राहिली. 'वाकडा माणूस' ऐकलं मात्र, आणि भडका उडाला.

"वाकडा? माझा नवरा वाकडा? त्या बाईला म्हणावं, ये माझ्यासमोर आणि बोल! सबंध गल्लीत एवढा सरळ माणूस दाखव म्हणावं! कोणाचं अर्धा वार कापड खाल्लं नाही आजवर!"

"आई, तसं नाही हो. पाठ, पाठ वाकडी."

"पाठ काय आणि माणूस काय? अहो, काढा तो शर्ट! उभे राहा इथे!"

मास्तरांनी शर्ट काढला. सासू कमरेवर हात ठेवून त्यांच्या मागे उभी राहिली. तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. उजवा खांदा खाली लोंबलेला, डावा कानाकडे चढलेला, आणि मधला कणा नदीने वळण घ्यावं तसा. इतकी वर्षं संसार केला, पण या माणसाची पाठ तिने उभी अशी पाहिलीच नव्हती. तो बसलेला असायचा, मशीनवर वाकलेला, नाहीतर झोपलेला.

"दुखतं का हो?" तिने विचारलं, आणि आवाज तिचा वाटेना.

"शिंप्याची पाठ आहे, दुखायचीच," मास्तर म्हणाले. मग सुनेकडे वळले. "तुझी बाई बरोबर बोलली, पोरी. चूक माझीही आहे. मी तुला टेबलावर झोपून पाठ दिली. मी स्वतः कधी झोपलेल्या गिऱ्हाइकाचं माप घेतो का? माणूस दारातून आत येतो तेव्हाच मी बघून घेतो, खांदा कुठला पडलाय, कंबर कुठे कललीय. सगळा जन्म यात गेला, दोन्ही खांदे सारखे असलेला माणूस मला अजून भेटायचाय. पडक्या खांद्यात मी थोडा कापूस जास्त भरतो आणि मूग गिळून बसतो. कोट सरळ दिसतो. गिऱ्हाईक खूश."

सून बघतच राहिली. एवढी मोठी गोष्ट या माणसाच्या डोक्यात होती आणि ती त्याच्याच पाठीवर डोळे मिटून खडू ओढत बसली होती.

सासूने पदर खोचला. "म्हणजे एका पाठीने भागत नाही. पाठी पाहिजेत ना तुला? आणते."

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत कोणाची धडगत राहिली नाही. दुपार झाली की सासू दाराबाहेर उभी. पाववाला दिसला, धर. हमाल दिसला, धर. बसचा ड्रायव्हर जेवून पडला होता, त्याला झोपेतून उठवून आणला.

"काकू, मला काही दुखत नाहीये."

"दुखत नाहीये तर आणखी चांगलं. नसलेलं दुखणंही ओळखता आलं पाहिजे तिला. काढ सदरा!"

इस्त्रीवाली सगळ्यात शेवटी आली. तिची आणि सासूची जुनी अढी. दारातच म्हणाली, "नापास झालेल्या हातात माझं अंग देऊ होय?"

"तुझ्या हातात माझ्या साड्या देते की नाही मी? दोन जाळल्यास, तरी देते. चल, आत हो."

आता सून कोणाला लगेच झोपू देत नव्हती. मास्तर शेजारी स्टुलावर बसायचे. माणूस उभा राहिला की दोघंही बघायचे, गिऱ्हाईक बघावं तसं. हमालाची मान आत दबलेली. ड्रायव्हरची उजवी पोटरी डावीहून जाड. पाववाल्याचे खांदे कणीक मळून मळून पुढे आलेले. इस्त्रीवालीचा एक हात दुसऱ्याहून लांब वाटावा इतका खांदा उतरलेला. मग सून दोन्ही हात दोन्ही बाजूंना एकदमच ठेवायची, डावं आणि उजवं ताडून बघायची आणि तेव्हाच खडू उचलायची. डोळे उघडे ठेवून.

पाववाल्याची तक्रार होती, दोन पात्यांच्या मध्ये सारखं ठसठसतं. सुनेने तिथेच दाबून दाबून पाहिलं. त्या दिवशी बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी तिने पुस्तकातलं चित्र समोर धरलं आणि बराच वेळ बघत बसली. मग त्याला उताणा केला आणि हासळीच्या, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाखाली, छातीच्या कडेला, हलक्या हाताने मळायला लागली.

सासू ओरडली, "अगं, पाठ दुखतेय त्याची! दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला?"

"आई, पुढचा स्नायू आखडलाय. तो खांदा पुढे ओढून धरतो. मागचा बिचारा ताणला जाऊन बोंब मारतो. जो ओरडतोय त्याला दाबून काय होणार? जो ओढतोय त्याने सोडायला पाहिजे."

सासूने क्षणभर विचार केला. "म्हणजे घरातल्यासारखंच झालं की. ओढणारा वेगळा, ओरडणारी वेगळी."

चार दिवसांनी पाववाला आपल्या पायांनी आला आणि न सांगता उताणा झोपला. तेव्हापासून सासूने सुनेला टोकणं बंद केलं. म्हणजे मसाजापुरतं.

परीक्षेच्या दिवशी सासू सोबत निघाली. सून नको नको म्हणत होती, पण वाहत्या पाण्याला नको म्हणून काय होतं? सासूला बाहेरच्या बाकावर बसवलं. दार काचेचं, त्यामुळे तिला आतलं सगळं दिसत होतं. फक्त ऐकू येत नव्हतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं.

आत या वेळी पोहणारा नव्हता. चांगला डोंगराएवढा माणूस होता. मांस इतकं की हाड कुठे लपलंय देव जाणे. तो टेबलावर चढायला लागला.

"थांबा," सून म्हणाली. "आधी उभे राहा. पाठ माझ्याकडे."

मोठ्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

सुनेने बघून घेतलं. डावा खांदा खाली, पुढे वळलेला. मास्तरांच्या बरोबर उलट. पातं मात्र दिसेना. मग म्हणाली, "डावा हात कमरेमागे घ्या. सैल सोडा." त्याने हात मागे घेतला आणि त्या मांसाखालून पात्याची कड हळूच वर आली, गादीखालची पट्टी वर यावी तशी. सुनेने तिच्यावरून बोट नेलं, हात पुन्हा खाली सोडायला लावला, खालचं टोक शोधलं आणि खूण केली. मग उजवीकडे. दोन्ही खुणा एका रेषेत नव्हत्या.

"पुस्तकात दोन्ही टोकं सातव्या बरगडीशी येतात," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमचं डावीकडचं खाली गेलंय."

मागच्या वेळीही डावीकडचीच खूण चुकली होती. तिने परत हात ठेवला. दोन्ही बाजूंना, एकदम.

"हो, मॅडम. पुस्तकात येतात. यांचं डावं खालीच आहे."

मोठ्या बाईंनी स्वतः बोटं लावली. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. "पुढे," एवढंच म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

त्या माणसाला दुखत होतं तेही पात्यांच्या मधेच. त्याला पालथं झोपवून तिने पाठीवर ऊब आणली, लांब हात फिरवले, मळलं. मग त्याला उताणं वळवलं आणि छातीच्या कडेला बोटं टेकवली.

"तिथे कशाला?"

"हा बरगड्यांवरून निघतो आणि पात्याच्या पुढच्या टोकाला धरतो. आखडला की पातं पुढे, खाली ओढतो. आधी याला सैल करते." आणि त्या माणसाला म्हणाली, "जास्त वाटलं तर लगेच सांगा. सोसायचं नाही."

तिने घाई केली नाही. तो श्वास सोडायचा तेव्हा बोटं आत जायची, श्वास घ्यायचा तेव्हा थांबायची. हळूहळू बोटांखालची दोरी सैल होत गेली. दोरीची वादी झाली, वादीचा ओला कपडा झाला.

"आता डावा हात वर घ्या बरं."

त्याने अंदाजाने अर्ध्यापर्यंत उचलला, जिथे रोज अडायचा तिथपर्यंत. हात अडला नाही. आणखी वर गेला. कानापर्यंत गेला. तो डोंगराएवढा माणूस आपल्याच हाताकडे बघत म्हणाला, "अरेच्चा! हा माझाच ना?"

मोठ्या बाई हसल्या. त्यांना हसताना वर्गात कोणी पाहिलं नव्हतं. "पास," त्या म्हणाल्या. "उपचार केंद्राला मी आजच कळवते. आणि हे बघा, माझ्याच मानेचं काहीतरी झालंय. सवडीने बघा."

तेवढ्यात दार उघडून सासू आतच आली. तिला ऐकू आलं नव्हतं, पण वर गेलेला हात दिसला होता.

"माझ्या नवऱ्याची पाठ वाकडी म्हणालात त्या तुम्हीच ना?"

सुनेने कपाळाला हात लावला. मोठ्या बाई म्हणाल्या, "हो, मीच."

"बरोबर म्हणालात," सासू म्हणाली. "घरात कोणाला दिसलं नव्हतं."

परतीच्या वाटेवर सासू रस्त्याच्या मधून चालली. उजव्या हाताला दुकानं, डाव्या हाताला दुकानं. कोणालाही वगळलं नाही. "पास झाली! पहिल्या झटक्यात!" सून कुजबुजली, "आई, दुसऱ्या झटक्यात." "गप गं, पहिला मोजायचा नसतो, तो सरावाचा." इस्त्रीवालीच्या दारासमोर तर ती थांबून दोनदा बोलली. इस्त्रीवालीने इस्त्री बाजूला ठेवली, बाहेर येऊन सुनेचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "मग? नापास हातात अंग दिलं होतं होय मी?"

दुकानात मास्तर उठून उभे राहिले. टेप गळ्यातून काढून पुन्हा घातली. मग हळूच म्हणाले, "छान झालं. फार छान झालं. पण आता काजं कोण करणार?"

सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, सासूने उभ्या जन्मात सुईत दोरा ओवला नव्हता. शिंप्याची बायको असून तुटलेलं बटणसुद्धा नवऱ्याकडून लावून घ्यायची.

"मी करते," सासू म्हणाली, सुनेच्या जागेवर ऐसपैस बसली आणि हात पुढे केला. "आणा ती सुई. त्यात काय एवढं!"

संध्याकाळपर्यंत तिचं पहिलं काज तयार झालं. त्यातून बटण जात नव्हतं. पण ते तिला सांगायची छाती ना मास्तरांची झाली, ना ज्याचा शर्ट होता त्याची.