न वाजलेलं मंगळम्

मी झांज आहे, मित्रांनो. काशाच्या दोन वाट्या आणि मध्ये एक दोरी, असं माझं जुनं अंग. सध्या मुक्काम कुंभकोणमच्या बाजारात, सुंदरेशच्या भांड्यांच्या दुकानात, मोडीच्या पोत्यात. माझ्यावर एक चेपलेला तांब्या पडला आहे आणि खाली कान तुटलेलं पातेलं आहे. शेजाराबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे, ती ऐका.

माझा जन्म स्वामीमलैजवळच्या एका ओतशाळेत झाला. सुंदरेशच्या आजोबांनी मला वाजवून पाहिलं, कान लावून नाद विरेपर्यंत ऐकलं आणि थेट जवळच्या मरुदानल्लूर गावच्या भजनात नेलं. हे घर मराठी. यांचे पूर्वज भोसल्यांच्या राज्यात इकडे आले ते इथलेच झाले. उंबऱ्याबाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत जुन्या वळणाची मराठी.

भजनाचा एक नियम मी पहिल्याच दिवशी शिकले. शेवटी मंगळम् म्हणायचं, देवाचं भलं, ऐकणाऱ्याचं भलं, आणि मगच झांज खाली ठेवायची. घसा बसो, दिवे जावोत, कुणी रुसून उठून जावो, मंगळम् चुकवायचं नाही. "अर्धें भजन घरीं नेऊं नये," आजोबा म्हणत.

आजोबा गेले आणि मी सुंदरेशच्या हाती आले. या पठ्ठ्याने मला फुटबॉलच्या मैदानावर नेलं! त्याच्या आईने, मीनाक्षीबाईंनी, कपाळाला हात लावला. मलाही सुरुवातीला लाज वाटली. मग मी कल्याणरामला पाहिलं आणि लाज विसरले.

कल्याणराम आमच्या कावेरी संघाचा खेळाडू. त्याच्या डाव्या पायात काय होतं कोण जाणे. चेंडू त्या पायाला लागला की समोरचे तिघे भलतीकडेच धावत सुटायचे. सुंदरेश त्याचं नाव पुकारायचा, आमच्या बाजूच्या प्रेक्षकांचा सगळा कोपरा ते झेलायचा, अगदी भजनातल्यासारखं, आणि ताल माझा. सामना संपला की, जिंको वा हरो, कल्याणराम आमच्या कोपऱ्यापाशी यायचा, छातीवर हात ठेवून मान खाली घालायचा. सुंदरेश मला संथ वाजवायचा. ते झालं की मी पंच्यात गुंडाळली जायचे. कल्याणरामचं मंगळम्, असंच लोक या वाजवण्याला म्हणत. किती वर्षं हे चाललं! माझ्या आयुष्यातली ती चांगली वर्षं.

मग त्याचा गुडघा कुरकुरू लागला. नव्या प्रशिक्षकाने त्याला बाकावर बसवलं. एकदा तो शेवटची थोडी मिनिटं खेळायला उतरला, चेंडू त्याच्या पायातून निसटला, आणि कुणीतरी ओरडलं, "आजोबा, घरी जा!" हा आवाज आमच्याच कोपऱ्यातला होता. कोपरा हसला. सुंदरेश हसला नाही, पण बोललाही नाही. त्या दिवशी कल्याणराम मागच्या फाटकाने निघून गेला. मैदान रिकामं झालं तरी सुंदरेश मला हातात धरून उभा होता.

पुढे बातमी आली. कल्याणराम तंजावरच्या राजाळी संघाकडे गेला.

तंजावर, मित्रांनो! चेन्नईला गेला असता, केरळात गेला असता, तर आम्ही स्टेशनवर हार घेऊन गेलो असतो. पण ज्या संघाला हरवायला आम्ही बसच्या टपावर बसून गेलो, त्याच संघाचा निळा सदरा? कॉफीच्या दुकानातला त्याचा फोटो उतरला. मोठी माणसं चारचौघांत रडली आणि लगेच शिव्या देऊ लागली. माझ्याही अंगाचा तिळपापड झाला, खोटं कशाला सांगू?

घरी सुंदरेश जेवता जेवता धुमसत होता. "आमच्या गावचें पाणी प्याला, आणि गेला कोठें? तंजावरास!"

त्याची लेक चैत्रा कॉलेजात शिकते. तिने सांबार वाढता वाढता विचारलं, "अप्पा, त्यास बाकावर बसविलें, तेव्हां तुम्ही काय बोलिलात?"

"मी काय बोलूं? मी प्रशिक्षक काय?"

"त्यास आजोबा म्हणून हिणविलें, तेव्हां?"

सुंदरेश अर्ध्या ताटावरून उठला.

मग राजाळी संघ आमच्या गावी खेळायला आला. कोपऱ्याचा म्होरक्या सतीशकुमार. त्याने सगळ्यांना तमिळमध्ये बजावलं, "तो आला की पाठ फिरवायची. आणि सुंदरेश, झांज घरी ठेव." सुंदरेशने मान डोलावली आणि मला पंच्यात लपवून आणलं. कशासाठी, हे बहुधा त्यालाही ठाऊक नव्हतं.

कल्याणराम उत्तरार्धात उतरला. धावणं कसलं, खुरडतच होता. पण शेवटी शेवटी चेंडू त्याच्या डाव्या पायाशी आला आणि त्या पायाला सगळं जुनं आठवलं. गोल झाला. आम्ही हरलो.

शिट्टी वाजली, आणि तो आमच्या कोपऱ्यापाशी आला. निळ्या सदऱ्यात. छातीवर हात ठेवून त्याने मान खाली घातली. सगळ्या कोपऱ्याने पाठ फिरवली होती. समोर तोंड करून एकटा सुंदरेश उभा होता. त्याने मला पंच्यातून काढलं. आता, असं मला वाटलं. राग होता माझा, तरी वाजायची माझी तयारी होती.

त्याने माझ्या दोन्ही वाट्या एकमेकींवर दाबून धरल्या. इतक्या घट्ट, की दोरी त्याच्या बोटांत रुतली. मला हूं की चूं करता आलं नाही. कल्याणरामने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो गेला. सतीशकुमारने सुंदरेशच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास!"

कल्याणराम त्यानंतर खेळला नाही. गुडघा संपला. सुंदरेशने मला भजनालाही नेणं सोडलं. दोरी झिजली, असं त्याने आईला सांगितलं. दोरी धडधाकट होती. मी दुकानाच्या फळीवर काळवंडत पडले.

परवा एक गिऱ्हाईक लंगडत दुकानात आलं. कल्याणराम. पितळी घागर हवी होती. त्याने घागरीवर बोट वाजवून पाहिलं, मग त्याची नजर फळीवर गेली.

"ही विकायची आहे?"

सुंदरेश तराजूकडे बघत म्हणाला, "मोडीत घालायची आहे."

"वाजत नाही?"

"नाही."

कल्याणरामने घागरीचे पैसे ठेवले. मग घागर उचलून तो पायऱ्या उतरला. बोललेलं खरं करायला सुंदरेशने मला उचललं आणि पोत्यात टाकलं. पडताना मी पातेल्यावर आपटले आणि वाजले, मित्रांनो! स्पष्ट, खणखणीत, मरुदानल्लूरला वाजायचे तशी. बाहेर बसचा हॉर्न चालू होता. कल्याणरामने ऐकलं नाही. सुंदरेशने ऐकलं. त्याने पोत्याचं तोंड आवळून गाठ मारली.

मित्रांनो, रुसायचं तर रुसा, भांडायचं तर भांडा. पण ज्याचं नाव घसा फुटेपर्यंत घेतलंत, त्याचं मंगळम् करा आणि मग पाठ फिरवा. उद्या भट्टीवाल्याची गाडी येणार आहे. वितळायची मला भीती नाही, भट्टीतूनच आले मी. फक्त अर्धं भजन पोटात घेऊन परत जाणं फार जड जातं आहे.