टाक्याचं बूच

जपानला जाऊन आलेला माणूस आमच्या पंचक्रोशीत मी एकटाच, असं लोक अजून म्हणतात. खरं तर गेलो होतो दोघं. दुसरा किसन, आमच्या जिनिंग सोसायटीचा फिटर. पण तो बौद्धवाड्यातला, म्हणून गावाच्या मोजणीत यायचा नाही. आणि मीही ती मोजणी कधी दुरुस्त केली नाही.

साल चौसष्ट. सोसायटीला जपानी इंजिनं घ्यायची होती. ती पाहायला एक संचालक आणि एक कारागीर पाठवायचं ठरलं. संचालक मी, कारण जमीन माझी जास्त. कारागीर किसन, कारण बिघडलेलं इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखणारा दुसरा माणूस नव्हता. मला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कोट मी शिवला होता.

कारखाना पाहून झाल्यावर त्या लोकांनी आम्हाला दोन दिवस डोंगरातल्या एका सराईत नेलं. तीनशे वर्षांचं लाकडी घर. घरामागे जमिनीतून कढत पाणी यायचं आणि बांबूच्या पन्हळातून बोटाएवढ्या धारेनं एका मोठ्या लाकडी टाक्यात पडायचं. त्या पाण्यात बसायला लोक लांबून यायचे. दारात जोडे काढायचे, जमिनीवर गाद्या घालून झोपायचं. म्हातारी मालकीण गुडघे टेकून चहा द्यायची. मला वाटलं, हे लोक तर आपल्यासारखेच. मग तिनं किसनला माझ्याआधी चहा दिला, तेव्हा वाटलं, नाही.

आमचा दुभाषी तोडकंमोडकं हिंदी बोलायचा. त्यानं रीत समजावून सांगितली. आधी बाहेर पाटावर बसून अंग घासून धुवायचं. स्वच्छ झालं की मगच टाक्यात उतरायचं. पाणी एकच, सगळ्यांना तेच. साबण आत न्यायचा नाही आणि पाणी सोडायचं नाही.

मी घरी पत्र लिहीत बसलो होतो, म्हणून किसन आधी गेला. अर्ध्या तासानं लालबुंद होऊन आला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. "जा पाटील," म्हणाला, "सारं दुखणं निघून जाते आंगातलं."

मी आत गेलो. अंग घासलं, धुतलं आणि टाक्याच्या काठावर उभा राहिलो. पाणी काचेसारखं निवळ होतं, तळाच्या फळ्या दिसत होत्या. पण माझ्या डोळ्यांपुढून किसन काही हलेना. ह्या पाण्यात तो गळ्यापर्यंत बसला होता. तिथं मला कोण पाहणार होतं? गाव सात समुद्रापलीकडे. तरी माझा पाय उचलला नाही. मी वाकलो, हात घातला आणि तळाचं लाकडी बूच ओढून काढलं.

वाटलं, जाईल आणि भरेल, किती वेळ लागतो! पाणी गेलं भडाभडा. आणि वरून पडत होती ती बोटाएवढी धार. मी बूच परत बसवलं, पन्हळाखाली बादली धरून दोन तांबे अंगावर घेतले आणि गुपचूप खोलीत आलो.

टाकं भरायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. सराईत एक म्हातारा विणकर उतरला होता, त्याचा एक हात लुळा पडलेला. वर्षातून एकदाच यायचा, आणि ती त्याची शेवटची संध्याकाळ होती. सकाळी तो तसाच निघून गेला. जाताना रिकाम्या टाक्याकडे पाहून वाकून नमस्कार करून गेला.

मालकिणीनं दुभाष्याकरवी विचारलं, पाणी कोणी सोडलं. मी चटईकडे पाहत राहिलो. किसननं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्यापुढं वाकला. "मीनं सोडलं, माय. मले मालूम नोतं."

ती काही रागावली नाही. उलट त्याची समजूत घातली.

परतीच्या आगगाडीत तो एवढंच बोलला. "पाटील, मी पयले आंग धुतलं होतं. दोन खेपा."

मी झोपेचं सोंग घेतलं.

आमचं गाव जानेफळापासून दोन कोस. पुढं दोन वर्षं मी पारावर बसून जपान सांगत होतो. वाफ सांगितली, चटया सांगितल्या. सरपंच रामरावांनी एकदा विचारलं, "मंग तुमी बी किसन्याच्याच पाण्यात बसले का?" मी म्हणालो, "नाही हो, माझी सोय अलग होती." सगळे खूश झाले.

सहासष्टच्या उन्हाळ्यात बौद्धवाड्याची विहीर आटली. गावविहिरीला पाणी होतं, पण त्यांच्या बायांनी काठावर चढायचं नव्हतं. कायदा होता, पण तो तालुक्याला राहायचा. दोन कोसांवरून पाणी आणताना किसनच्या बायकोचं, चांगुणाचं, पोट पडलं. पाचवा महिना होता. त्यानंतर चार दिवसांनी किसन माझ्या ओसरीपुढं येऊन उभा राहिला.

"उद्या गावची सभा हाये, पाटील. तुमी एवढंच सांगा, का जपानात तुमी अन् मी एका पाण्यात बसलो अन् तुमाले काई झालं नाई. तुमचं आयकतीन."

"पण किसना, मी बसलो नव्हतो."

"ते मले मालूम हाये. गावाले कुठी मालूम हाये?"

एका खोट्याचं ओझं त्यानं माझ्यासाठी वाहिलं होतं. बदल्यात तो माझ्याकडे एक खोटंच मागत होता. मी म्हणालो, "बोलतो."

सभेत विषय निघाला. रामराव म्हणाले, "कोणाचं काई म्हणणं हाये का?" किसन दूर लिंबाखाली उभा होता, माझ्याकडे बघत. मी धोतराचा सोगा सारखा करत राहिलो. विषय संपला, चहा आला.

दुसऱ्या दिवशी भर सकाळी चांगुणा घागर घेऊन गावविहिरीवर गेली. कोणाला न विचारता दोर सोडला, घागर भरली आणि डोक्यावर घेऊन बाजारओळीतून चालत घरी गेली. तासाभरात गाव गोळा झालं. विहीर बाटली, उपसून काढा. इंजिन गावात एकच, माझं. बैल लावून ते विहिरीवर ओढून नेलं, पण काही केल्या सुरू होईना.

रामराव म्हणाले, "किसन्याले बलवा."

कोणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. बोलवायला मीच गेलो. वाटलं होतं, तो दगड उचलेल. त्यानं पाना उचलला. "चाला," म्हणाला.

त्यानं इंजिन उघडलं, अडकलेला व्हॉल्व्ह सोडवला, तेल दिलं. मग विहिरीत वाकून पाहिलं आणि हळूच मला म्हणाला, "झिरा बारीक हाये, पाटील. उपसली तं विहीर भरनार नाई. मागं फिरा."

"गावापुढं माझं काय चालतं, किसना?"

त्यानं हँडल माझ्या हातात दिलं. "मंग तुमीच फिरवा. तिथी तुमीच काढलं होतं, नाव माहं झालं. इथी सगळ्यांच्या देखत होऊ द्या."

ऐकलं सगळ्यांनी, कळलं कोणालाच नाही. मी हँडल फिरवलं. दुपारपर्यंत सगळं पाणी ओढ्यात गेलं आणि वाळूनं पिऊन टाकलं. पोरंसोरं काठावर टाळ्या पिटत होती.

विहीर भरली नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. तळाशी चिखल, त्यात एक बेडूक. आम्ही ओढ्यात झिरे खोदले, आम्हाला खडक लागला. बौद्धवाड्यानं दोन दिवस आधी वळणावर खोदलेल्या झिऱ्याला तेवढं पाणी होतं.

माझी आई मनकर्णाबाई तापानं पडली होती. सारखी पाणी मागायची. मी भर दुपारी कळशी घेऊन त्या झिऱ्यावर गेलो. चांगुणा वाटीनं पाणी भरत बसली होती. किसन शेजारी होता.  चांगुणानं माझी कळशी ओढून घेतली, वाटी वाटीनं काठोकाठ भरली आणि वाळूवर ठेवली. ती शिवी देती तर बरं झालं असतं. त्या दिवसाची लाज मला अजून पुरते.

पोळा झाल्यावर ती दोघं खामगावला गेली, ती गेलीच.

त्या दुपारी भरली कळशी घेऊन घरी आलो. आईनं तांब्या तोंडाला लावण्याआधी विचारलं, "कुठलं रे पानी?"

"आपल्या विहिरीचं, माय. भरली विहीर."

ती घटाघटा प्यायली. पदरानं तोंड पुसलं. "पाह्य बरं," म्हणाली, "उपसल्यावर पानी कसं गोड झालं."

तिनं पुन्हा तांब्या पुढं केला, आणि मी तो भरून दिला.