एका नावाची यादी

त्या गावात दारूबंदी होती. म्हणजे दुकान नव्हतं, पाटी नव्हती, आणि तोटाही नव्हता. नवीन बिऱ्हाड मांडून आठवडा होतो न होतो तोच दूधवाल्याने दारात दोन किटल्या ठेवल्या, एक निळ्या झाकणाची, एक लाल झाकणाची, आणि हवापाण्याबद्दल बोलावं तशा आवाजात विचारलं, "ताई, निळं रोज किती घालू? आणि लाल फक्त रविवारी, की मधेही लागतं?"

"लालमध्ये काय, म्हशीचं?"

दूधवाल्याने तिच्या खांद्यावरून आत तिच्या नवऱ्याकडे बघितलं. "साहेबांना ठाऊक असेल," म्हणाला.

साहेबांना ठाऊक नव्हतं, पण झाकण उघडून नाक जवळ नेल्यावर कळायला वेळ लागला नाही. तो हसून हसून भिंतीला टेकला. तिचा चेहरा मात्र पांढराफटक पडला, आणि लाल किटली तिने पायानेच उंबऱ्याबाहेर सारली.

नोंदणी कार्यालयात वीस वर्षं काढलेली बाई ती. पाठीमागे सगळे तिला रजिस्टरबाई म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. कागदावर नाही ते जगात नाही, अशी तिची पक्की समजूत. हेडक्लार्कची बढती मिळून ती या गावात आली आणि तिच्यामागे नवरा आला. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. या गावात लिफ्ट एकच, सरकारी दवाखान्यातली, तीही बंद, आणि ती चालू करायची कोणाची इच्छा नव्हती. "इथं वर जायची कुणाला घाईच नाही," तो म्हणायचा. विनोद त्याचा, आणि बेकारीही त्याचीच. दर रविवारी दुपारी जेवणाआधी रेडिओ लावून तो दोन पेग घ्यायचा. लग्नाला अठरा वर्षं झाली, तिसरा कधी घेतला नाही. बाप गेला त्या आठवड्यातसुद्धा नाही.

तिचा चेहरा पांढरा पडला तो मुंगीपायी. मुंगी तीन वर्षांची, जुन्या शहरातल्या बालगृहात. दत्तक घेण्यासाठी चार वर्षं अर्ज, चौकशा आणि हेलपाटे झाल्यावर दोन महिन्यांपूर्वी त्यांना ती दाखवली होती. कागदावर तिचं नाव वेगळं होतं. मुंगी हे नवऱ्याने ठेवलेलं, कारण हाताला लागेल ते ती उचलून न्यायची. पहिल्या भेटीत ती त्याच्या मांडीवर चढली, त्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण पिरगाळून पिरगाळून तोडलं, मुठीत धरलं, आणि निघताना काही केल्या परत देईना. "राहू दे," तो म्हणाला, "घरी येताना घेऊन येईल." तेव्हापासून तो शर्ट तो तसाच घालायचा. हिने सुईदोरा काढला की शर्ट ओढून घ्यायचा. "त्या जागी तेच लागणार," म्हणायचा. आता फक्त दोन गोष्टी उरल्या होत्या. बालगृहाच्या बाई येऊन घर बघणार होत्या, आणि नव्या गावातून वर्तणुकीचा दाखला हवा होता.

"मी सोडूनच देतो ना," त्या दिवशी नवरा म्हणाला. "दोन पेगांसाठी एवढं काय?"

इथे ती चुकली. आणि चुकली ती मायेपोटी, हे पुढे तिला जास्त बोचलं. तिच्या बढतीपायी याने काम सोडलं, मित्र सोडले, आता रविवारही सोडायचा?

"काही सोडायचं नाही. चोरून मात्र घ्यायची नाही. इथं परवाना मिळतो म्हणे. रीतसर काढू."

"आणि घरात बाटलीच नसली तर?"

"तरी कोणीतरी म्हणणारच, यांच्याकडे लाल किटली जाते. सगळ्यांकडे जाते ना! कागद असला की तोंडं बंद होतात."

"बरं, बाईसाहेब," तो म्हणाला. कागदाच्या बाबतीत तो तिच्याशी कधी वाद घालत नसे.

परवाना कार्यालयातला कारकून चष्मा कपाळावर चढवून बसला होता. त्याने अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. "कारणं तीन. पाहुणा, आजारी, व्यसनी. चौथा रकाना नाही."

"रविवारी दोन पेग घेणारा माणूस कुठे बसतो?" नवऱ्याने विचारलं.

"त्याला परवाना कशाला? त्याला दूधवाला पुरतो." कारकुनाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "पाहुणा तीस दिवसांचा. तुम्ही बदलीवर आलात, म्हणजे पाहुणे नाही. आजारी लिहा. डॉक्टर हृदय लिहून देतात, झोप लिहून देतात. आमच्याकडे बेचाळीस आजारी आहेत. सकाळी मैदानावर बघा, धावत असतात."

रजिस्टरबाईच्या डोक्यात लगेच मुंगीची फाइल उघडली. त्या फाइलमध्ये नवऱ्याचा वैद्यकीय दाखला होता, प्रकृती उत्तम असल्याचा. तिकडे उत्तम आणि इकडे हृदयविकार! असे दोन कागद समोरासमोर आले की मधला माणूस कसा चिरडला जातो, हे तिने टेबलापलीकडे शेकडो वेळा पाहिलं होतं.

"आजारी नको," ती म्हणाली. "खोटं होईल ते."

"मग व्यसनी लिहा."

नवऱ्याने पेन उचललं आणि थांबला. "वाच तरी. 'मी व्यसनी असून मद्याशिवाय माझे चालत नाही.' करू सही?"

"नुसती अक्षरं आहेत ती. रजिस्टर काय, ऑफिसातच राहतं. कर."

सही करण्याआधी वाचा, नीट वाचा, असं वीस वर्षं लोकांना बजावणारी बाई हे बोलली. त्याने सही केली.

मग रविवार पुन्हा सुरू झाले. सरकारी भांडारातून महिन्याला एक बाटली मिळायची. ती कपाटात उघड्यावर असायची, आणि शेजारी प्लास्टिकच्या पाकिटात परवाना. तिने खिडकीचा पडदाही बाजूला सरकवून ठेवला. आपल्याला लपवायचंय काय?

दुसऱ्याच रविवारी शेजारचे मुख्याध्यापक आले. गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक, आणि वस्ती समितीचे अध्यक्षही तेच. म्हणजे दाखल्यावर सही त्यांचीच लागणार होती. आल्या आल्या त्यांनी स्वतः उठून पडदा ओढला.

"वहिनी, स्टीलचा पेला द्या. काचेतून रंग दिसतो." मग एक घोट घेऊन डोळे मिटले. "वा! तो दूधवाला पाणी घालतो हो. दुधात घाल म्हणावं, पण यात? तुमची कशी सरकारी, शुद्ध."

त्यानंतर ते दर रविवारी यायला लागले. नवऱ्याचे दोन व्हायचे तेवढ्यात त्यांचे चार व्हायचे, आणि वर लवंग चघळत ते मुलांच्या संस्कारांवर बोलायचे. बाटली महिना पुरेनाशी झाली. नवरा गालातल्या गालात हसायचा. तिला राग यायचा, पण ती गिळून टाकायची. सही हवी होती. अडला हरी, दुसरं काय!

बालगृहाच्या बाई आल्या त्या दिवशी सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. त्यांनी मुंगीचा पलंग पाहिला, खिडकीच्या गजांतून हात घालून पाहिला, कपाट उघडलं, बाटली पाहिली, नुसता नंबर आणि शिक्का असलेला परवानाही पाहिला. "निदान लपवत तरी नाही तुम्ही," म्हणाल्या. रजिस्टरबाईने नवऱ्याकडे असं बघितलं की, बघ, मी म्हटलं नव्हतं? जाताना बाई म्हणाल्या, "पंधरा दिवसांत वर्तणुकीचा दाखला पाठवा आणि लेकीला घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. मुख्याध्यापकांनी छापील दाखला पुढे घेतला, पेनाचं टोपण काढलं, आणि परत लावलं.

"मी सही करतो हो वहिनी. का नाही करणार? पण हा रकाना बघा. 'घरात नोंदलेला व्यसनी आहे काय?' इथं मी 'नाही' कसं लिहू? फळ्यावर नाव आहे."

"कुठल्या फळ्यावर?"

तिला खरंच माहीत नव्हतं. वस्ती समितीच्या भिंतीवर काचेचा फळा होता आणि ती रोज त्याच्यासमोरून ऑफिसला जात होती. आजाऱ्यांची यादी लावत नसत, कारण आजार ही ज्याची त्याची खाजगी बाब. व्यसनींची मात्र लावायची, समाज सावध राहावा म्हणून. वर ठळक मथळा, खाली अनुक्रमांक एक, आणि त्यापुढे तिच्या नवऱ्याचं पूर्ण नाव. दोन नंबरला कोणी नव्हतं. अख्ख्या गावात दारू पिणारा एकच माणूस होता.

"सर, तुम्ही दर रविवारी आमच्याकडे बसता," ती म्हणाली. "चार-चार पेले घेता. तुम्हाला माहीत नाही का तो कसा आहे?"

"मी?" मुख्याध्यापक दाराकडे बघून हळू बोलले. "माझं नाव आहे का कुठे? समजून घ्या, वहिनी. 'नाही' लिहिलं तर खोटं होईल."

हे शेवटचं वाक्य तिने ओळखलं. ते वाक्य तिचंच होतं.

ती तडक परवाना कार्यालयात गेली. परवाना रद्द करा, आत्ताच्या आत्ता.

"परवाना होतो की रद्द," कारकून म्हणाला, आणि शिक्का मारून मोकळा झाला. "व्यसन नाही होत. ते काढायला व्यसनमुक्ती केंद्राचा दाखला लागतो. नव्वद दिवस आत राहावं लागतं."

"पण त्याला व्यसन नाहीये!"

"मॅडम, सही त्यांचीच आहे ना?"

नवऱ्याने बॅग भरायला घेतली तेव्हा ती त्याच्या पायाशी बसून रडली. "रडतेस काय? नव्वद दिवस म्हणजे काही जन्मठेप नाही," तो म्हणाला. रेडिओ आत नेता येत नव्हता, म्हणून त्याने तो तिच्या उशाशी ठेवला. बिनबटणाचा शर्ट मात्र बरोबर नेला.

आत खरे पिणारे होते. त्यांचे हात थरथरायचे, रात्र रात्र ते ओरडायचे. हा त्यांना पाणी पाजायचा, चादरी बदलायचा. समुपदेशक त्याला दर आठवड्याला विचारायचे, किती घेत होता? रविवारी दोन, तो सांगायचा. सगळे असंच सांगतात, ते म्हणायचे, कबूल करायला शिका. सातव्या आठवड्यात त्याने कबूल केलं. सकाळी उठल्यापासून प्यायचो, म्हणाला, बायकोला मारायचो. त्याच दिवशी त्याच्या कागदावर पहिल्यांदा 'सुधारणा' असं लिहिलं गेलं. हे त्याने भेटीच्या वेळी तिला हसत हसत सांगितलं, आणि तिला हसता आलं नाही.

तिने बालगृहाला मुदतीसाठी चार पत्रं लिहिली. सहासष्टाव्या दिवशी उत्तर आलं. बालिकेच्या हिताचा विचार करता अधिक थांबणे शक्य नव्हते. यादीतील पुढील पात्र कुटुंबाकडे तिला सोपवण्यात आले आहे. आपला अर्ज नव्याने करता येईल.

उरलेले चोवीस दिवस तिने ते पत्र दडवून ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने एक कागद लपवला होता. नव्वदाव्या दिवशी तो आला, 'पूर्णतः व्यसनमुक्त' असा शिक्क्याचा दाखला तिच्या हातात दिला आणि पायातल्या चपला न काढताच म्हणाला, "आज पाठव. उद्या मिळेल त्यांना."

मग तिला सांगावंच लागलं.

तूच म्हणालीस सही कर, असं तो एकदा जरी म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं. ती भांडली असती, रडली असती, काहीतरी मोकळं झालं असतं. पण त्याने चपला काढल्या, हातपाय धुतले आणि जेवायला काय आहे विचारलं.

रविवारी दुपारी मुख्याध्यापक आले. हातात लाल झाकणाची किटली होती. फळ्यावरचं नाव निघालं होतं, तेव्हा आता यायला हरकत नव्हती.

"झालं ते झालं," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "असतात एकेकाचे भोग. म्हटलं, आज आपणच घेऊन जावं. वहिनी, दोन पेले द्या. आणि तो पडदा..."

तिने आतून काचेचा मोठा ग्लास आणला. किटलीतली काठोकाठ ओतली आणि ग्लास त्यांच्यासमोर ठेवला. मग खिडकीशी गेली आणि पडदा पार टोकापर्यंत बाजूला सरकवला. शेजारच्या ओट्यावर बायका धान्य निवडत बसल्या होत्या. शिकवणीला निघालेल्या शाळेच्या मुली खिडकीखालून चालल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीने आत बघून सवयीने म्हटलं, "नमस्कार, सर."

"वहिनी, पडदा!"

"राहू दे, सर. घ्या ना. या घरात आता नोंदलेलं कोणी नाही. कोणीही पिऊ शकतं."

मुख्याध्यापक उठले ते थेट दारातून बाहेर पडले. किटली तिथेच राहिली. गेले तीन महिने ती याच क्षणाची वाट बघत होती, रोज मनात घोळवत होती. आणि आता तो क्षण आला तर तिला काहीच वाटलं नाही. मुख्याध्यापकांची अब्रू घेऊन मुंगी थोडीच परत येणार होती?

नवऱ्याने ग्लास उचलला, मोरीत ओतला, विसळून पालथा घातला.

"घ्यायची होतीस," ती म्हणाली. "रविवार आहे. रेडिओ लावते."

"नको. मी बरा झालोय," तो म्हणाला. "कागद आहे ना."

तो आतल्या खोलीत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने बाहेर येऊन त्याने तो शर्ट तिच्या मांडीवर ठेवला.

"एवढं बटण लावून दे," तो म्हणाला. "कुठलंही चालेल."